बैलांना न दिलेलं पाणी

बाबा, परवा तुमची ओसरी मी पाडून टाकली. मजूर लावले होते, पण छपराचं पहिलं कवेलू मी स्वतःच्या हातानं उतरवलं आणि अंगणात आपटलं. आवाज चांगला आला. ज्या सागाच्या खांबांना तुम्ही दर पोळ्याला तेल लावून घ्यायचात, ते संध्याकाळपर्यंत मातीत आडवे पडले होते. एक मजूर म्हणाला, "ताई, खांब तरी ठेवा जी, असं लाकूड आता भेटते कुठं?" मी म्हणाले, ज्याला हवं त्यानं घरी न्यावं, नाहीतर चुलीत घालावं. गोठ्याला मात्र मी हात लावू दिला नाही. गव्हाणसुद्धा होती तशी ठेवली. का ठेवली हे आता सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्हाला तर तेव्हाच माहीत होतं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला आता मुद्दाम आठवावा लागतो. हात मात्र न आठवताच आठवतात. तुम्ही मला नागपूरच्या कॉन्व्हेंटात घातलंत तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता, आणि आपल्या भावकीत मुलीला पाटीवर अक्षरं गिरवू देणं हीच मोठी गोष्ट समजत. काका म्हणाले होते, "पोरीले इंग्रजी शिकवून का धान कापाले लावशील?" तुम्ही ओसरीवरच्या खुर्चीत बसून हसलात. म्हणालात, "माझी पोरगी धान कापनार नाही, धानाचा भाव ठरवन." सुट्टी संपली की आमगाव स्टेशनापर्यंत आपण पायी जायचो. पुढे तुम्ही छत्री घेऊन, मध्ये मी, आणि मागे डोक्यावर माझी ट्रंक घेतलेला आपला सालदार. वाटेत नाला लागायचा. शाळेतल्या मदरना ओले बूट चालायचे नाहीत, म्हणून तो आधी ट्रंक पलीकडे ठेवून यायचा, मग माझे बूट गळ्यात अडकवून मला खांद्यावर घ्यायचा आणि पाण्यात उतरायचा. "बाई, हलू नोको, नाही तं तुही विंग्रजी वाहून जाईन," असं दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी मी हसायची. फलाटावर तुम्ही मला फुटाण्यांची पुडी द्यायचात, डब्यात बसवायचात, आणि गाडी हलली की पाण्याच्या नळाकडे तोंड करून उभे राहायचात. तुम्ही तोंड धुता आहात असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. हे सगळं मी विसरलेले नाही. विसरले असते तर हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं.

त्या सालदाराला मी भाऊ म्हणायची. वर्षाच्या बोलीवर तो आपल्याकडे राबायचा आणि दोन्ही वेळा आपल्याच घरी जेवायचा. त्याची बायको, माझी वहिनी, आपल्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणीला यायची. मजुरी धान्यात मिळे, आणि उन्हाळ्यात ते धान्य म्हणजे लाखोरी. उभ्या धानात, कापणीच्या आधी, उरलेल्या ओलीवर बी फेकून घेतलेलं हे डाळीचं पीक. त्याला ना नांगर लागे, ना खत, ना राखण, म्हणून मजुराच्या पदरात घालताना मालकाच्या जिवावर येत नसे. लाखोरी आपणही खायचो, पण भात, तूर आणि दुधाच्या जोडीनं. हिवाळ्यात तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी तर तुमची फार आवडती. शेंडे स्वतः खुडून आणायचात, आईला लसूण जास्त घालायला लावायचात आणि पहिला घास माझ्या तोंडात द्यायचात. मजुरांच्या घरी मात्र उन्हाळाभर आणि पुढे पावसाळ्यातही लाखोरीची डाळ, लाखोरीच्या पिठाची रोटी आणि वर पेज, एवढंच असे. आणि दर पावसाळ्यात गावातल्या एखाद्या धडधाकट माणसाचे पाय आखडत. टाचा जमिनीला टेकेनाशा होत, गुडघे एकमेकांना घासत, आणि हातात काठी येई ती जन्माची. ताप नाही, जखम नाही, दुखणं नाही. कोणी म्हणे चिखलात काहीतरी चावलं, कोणी म्हणे कोणाची नजर लागली. ज्यांच्या कोठीत तूर होती त्या घरात हे कधी का होत नाही, असा प्रश्न मात्र आपल्या ओसरीवर कोणी काढला नाही.

तो प्रश्न काढला नागपूरहून आलेल्या डॉक्टरांनी. ते उंच, काटकुळे होते आणि बोलताना चष्मा धोतराला पुसायचे. तुम्ही त्यांना उतरायला खोली दिलीत, गावात दवंडी पिटवलीत, आणि ओसरीवर सगळ्यांना जमवलंत. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होते. डॉक्टर म्हणाले, "या आजारावर माझ्याकडे औषध नाही, कोणाकडेच नाही. पण तो होऊ नये असं करता येईल असं मला वाटतं. ते माझ्या प्रयोगशाळेत होणार नाही, तुमच्या चुलीवर होईल. म्हणून मला तुमची परीक्षा घ्यायची नाही, तुमच्याबरोबर शोध करायचा आहे. माझं चुकलं तर तोंडावर सांगा." आपल्या गावात शिकलेला माणूस असं बोललेला कोणी ऐकला नव्हता. मग ते पुरुषांना अंगणात चालवून पाहू लागले, कोणाची टाच उचलते का ते. तेव्हा कोपऱ्यातली एक म्हातारी ओरडली, "अंगनात तं दारू पेलेलाबी सरका चालते, डाक्तर! थ्यायले धुऱ्यावर चालवा ना." धुरा म्हणजे दोन बांध्यांमधली वीतभर रुंदीची पाळ. आपल्याकडची लहान पोरंही तिच्यावरून पळतात. डॉक्टरांना ते पटलं. तिथंच उठले, स्वतः धुऱ्यावर चढले आणि धपकन बांधीत पडले. सारं गाव हसलं. ती म्हातारी म्हणाली, "डाक्तरालेच धरली वाट्टे लंगडी!" डॉक्टर धुळीचे हात झटकत सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले, आणि त्या दिवसापासून गावाची तपासणी धुऱ्यावर व्हायला लागली. बायका त्यांच्याशी बोलायला लागल्या त्या तेव्हापासून.

लाखोरी सोडा असं सांगून उपयोग नव्हता, कारण मजुरीच तिच्यात मिळत होती. डॉक्टरांचा अंदाज होता की तिचं विष पाण्यात उतरतं. बायका म्हणाल्या, कडसर लागते म्हणून आम्हीसुद्धा कधीमधी पहिलं पाणी टाकतो. दोघांचं मिळून ठरलं ते असं: भरपूर पाण्यात डाळीला खळखळून उकळी आणायची, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नव्या पाण्यात उकळायची, तेही ओतायचं, आणि मगच शिजवायची. पीठ काही काळ बंद. एक बाई म्हणाली, "इतक्या डाव चूल पेटवाले लाकूड कोन देते जी? तुमी?" डॉक्टर चष्मा धोतराला पुसू लागले. तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठलात. "लाकूड माझं," म्हणालात. "माझ्या घरच्या चुलीवरही असंच होईल. माझा सालदार माझ्याकडे जेवतो, त्याचंही नाव घ्या डॉक्टर." ओसरी भरून लोक तुमच्याकडे पाहत होते. मी खांबाला टेकून उभी होते. बाबा, त्या क्षणी तुम्ही मला जगातले सगळ्यात मोठे पुरुष वाटलात. पुढे माझं लग्न ठरताना मी त्या मुलात तेच शोधत होते. इतकं तुम्ही माझं नुकसान केलंत.

आता स्वयंपाकघर. तुम्हाला आठवतं का मला ठाऊक नाही, म्हणून मीच सांगते. मी दाराच्या उंबऱ्यावर बसून टेंभरं खाते आहे, बिया मुठीत जमवते आहे. आई मोठ्या गंजातून लाखोरीचं पिवळट पाणी ओतते आहे. चार-आठ दिवस ती ते उकिरड्यावर टाकत होती. तुम्ही आत येता, गंजाकडे पाहता. आपल्या भातवाल्यांच्या मुलखात भाताचं पाणीसुद्धा कोणी टाकत नाही, मीठ घालून त्याची पेज करून पितात. ओतलेलं पाणी वाया जाताना बघणं तुमच्यानं होईना, हे मी समजू शकते. तुम्ही म्हणता, "सारा कस तं पान्यातच उतरला. फेकता काऊन?" आई म्हणते, "मंग बैलायच्या गव्हाणीत टाकू का?" आणि तुम्ही एकदम वळता. "बैलांना? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं नाही? जोडी नवी आहे. रोवणीच्या तोंडावर बैलांचे पाय गेले तर मी काय करू?" आई गंज धरून उभीच राहते. "मग?" ती विचारते. तुम्ही आवाज खाली आणता. "पेजेत घाल. माणूस तगडा आहे. त्याला पचते."

मी टेंभराची बी गिळली त्या वेळी. एवढंच मला झालं. तुम्ही जाताना माझ्या वेणीला हलकेच हात लावून गेलात. आईनं पेजेच्या मडक्यात ते पाणी ओतलं, वर मीठ घातलं, कांदा ठेचून घातला, आणि संध्याकाळी भाऊनं बैल सोडून, हातपाय धुऊन, गोठ्याच्या दारात बसून ती पेज पिऊन टाकली. "मालकीनबाई, आज पेज दाट होती," असं म्हणून त्यानं वाडगा उपडा केला. आईचं मी काय करायचं ते तिला वेगळं लिहीन. हे पत्र तुमचं आहे. तुम्हाला माहीत नव्हतं असं मी मानलं असतं. अडाणी होतात, जुन्या वळणाचे होतात, डॉक्टरांवर तुमचा विश्वास नव्हता, यातलं काहीही मी मानलं असतं आणि तुमच्या फोटोला हार घातला असता. पण तुमचा विश्वास होता. बैलांपुरता पूर्ण होता.

मी शाळेत परत गेले तेव्हा भाऊनंच ट्रंक नेली, आणि नाल्यात मला खांद्यावर घेतलं. ते शेवटचं. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत, चिखलणी करताना तो बांधीत बसला आणि त्याला उठता आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी आमगावला उतरले तर तो फलाटावर नव्हता. स्टेशनाबाहेर बैलगाडी होती आणि तो गाडीवर कासरा धरून बसला होता. नवी जोडी, गुबगुबीत, शिंगांना रंग दिलेला. "भाऊ, ट्रंक घे ना," मी म्हणाले. त्यानं हमालाला हाक मारली. मग हसून म्हणाला, "बाई, आता तुही विंग्रजी बैलायच्या खांद्यावर. माहे खांदे तं हायेत, खालचं नाही राह्यलं." त्याच्या बाजूला काठी पडलेली मी तेव्हा पाहिली. घरी पोचल्यावर तो गाडीतून उतरला तो चवड्यांवर, गुडघे घासत, माझ्याकडे न पाहता. त्याच्या पोरीनं धावत येऊन त्याच्या हातात काठी दिली. तिला सवय झालेली होती.

आणि मग ती ओसरीवरची बैठक. ज्या ज्या घरांनी डॉक्टरांच्या रीतीनं डाळ केली होती, तिथं त्या पावसाळ्यात एकाचेही पाय गेले नव्हते. गेले ते फक्त आपल्या घरच्या माणसाचे. जिथं लाकूड सगळ्यात जास्त, देखरेख सगळ्यात चोख, त्या मालकाच्या घरी. डॉक्टर रात्रभर झोपले नसावेत. त्यांनी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं, "डाळ दोनदा ओतत होतात ना?" तुम्ही म्हणालात, "दोनदा." त्यांनी विचारलं, "पाणी कुठे जात होतं?" तुम्ही म्हणालात, "उकिरड्यावर. दुसरीकडे कुठे जाणार?" भाऊ खाली पायरीशी बसला होता. वहिनी त्याच्या मागे. मी आतल्या दारातून बाहेर आले आणि बोलले. "नाही, पाणी पेजेत जात होतं. बैलांना देऊ नका म्हणालात, म्हणून पेजेत." मला वाटलं होतं, घाबरेन. घाबरले नाही. तुम्ही मला जवळ घेतलंत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात, आणि डॉक्टरांकडे पाहून हसलात. "हिचं इंग्रजी फार चांगलं आहे, डॉक्टर. पण घरातलं हिला काय कळणार? बारा महिने शाळेत राहते. पोरींना ऐकीव गोष्टी खऱ्या वाटतात." मग भाऊकडे वळून विचारलंत, "काऊन रे, पाजलं का तुला कोनी पानी?" भाऊनं मान खाली घातली. म्हणाला, "नाही मालक." तुमचा हात अजून माझ्या डोक्यावर होता. तो किती ऊबदार होता, बाबा. मला तोच हात आठवतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला गोंदियाला नेलंत आणि पट्ट्याचे काळे बूट घेऊन दिलेत. दुकानदाराला म्हणालात, "भारीतले दाखवा, बेटी कॉन्व्हेंट में पढ़ती है." ते बूट वर्षभर माझ्या टाचेला चावले. मी तक्रार केली नाही.

डॉक्टरांच्या वरच्या साहेबांनी म्हणे विचारलं की ज्या घरावर सगळ्यात जास्त लक्ष होतं तिथंच रीत फसली, तर उरलेल्या घरांचा काय भरवसा, नशिबानं वाचली असतील. काम बंद पडलं. डॉक्टर जाताना त्या म्हातारीच्या पाया पडले आणि तुमचे आभार मानून गेले. लाकूड मिळणं थांबलं, बायकांचा उत्साह गेला, डाळ पुन्हा जशी शिजत होती तशी शिजू लागली, आणि पुढच्या पावसाळ्यांत धुऱ्यावरून चालू न शकणारी आणखी माणसं गावात झाली. तुम्ही एका माणसाचे पाय घेतले असते तर मी कदाचित एका माणसापुरतीच रागावले असते. भाऊला तुम्ही कामावर ठेवलंत, खळ्यावर बसून राखण करायला. लोक म्हणाले, पाहा, लंगड्या नोकराला मालकानं टाकलं नाही. त्या कौतुकावर तुम्ही मरेपर्यंत जगलात. मॅट्रिकच्या सुट्टीत मी पुन्हा एकदा विषय काढला तेव्हा तुम्ही पान लावता लावता म्हणालात, "लहान होतीस. स्वप्न पडलं असेल." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. शेवटच्या दिवसापर्यंत ताठ चाललात. तुमच्या तिरडीला खांदा द्यायचं भाऊच्या मनात होतं, पण पाय साथ देईनात, म्हणून तो काठी टेकत सगळ्यांच्या मागून स्मशानापर्यंत आला आणि तिथं बसून रडला. मला त्याच्या रडण्याचा इतका राग आला की मी स्वतः रडायची राहिले.

क्षमा करायला शिकवणाऱ्या शाळेत तुम्हीच मला घातलंत. ते शिक्षण मला नवऱ्याच्या बाबतीत उपयोगी पडलं, सासूच्या बाबतीत पडलं, शेजाऱ्यांच्या बाबतीत रोज पडतं. तुमच्यापाशी आलं की ते संपतं. इतकी वर्षं मी वाट पाहत होते, आणि कशाची ते मलाही ठाऊक नव्हतं. ते कळलं या पौषात. मी आता गोंदियाजवळ कुडव्याला राहते, यजमान गेल्यापासून एकटीच. एका सकाळी आपल्या गावचे सरपंच मोटारसायकलवर आले, मागे मेडिकल कॉलेजातली एक तरुण डॉक्टरीण. गावात पुन्हा काम सुरू करायचं आहे म्हणाले, बायका, गरोदरपण, लहान मुलं, गावकऱ्यांना सोबत घेऊन. आपलं बंद घर त्यासाठी हवं होतं. मी लगेच हो म्हणाले. मग सरपंच म्हणाले, "आनि ताई, मालकाचा एक फोटो द्या. पाटीवर थ्यायचंच नाव लावून रायलो. या गावात सगळ्यात पयले डाक्तर आनला तं थ्यायनंच ना! गावानं ठरवलं."

"कुठे बसून ठरवलं?" मी विचारलं.

"तुमच्याच वसरीवर जी."

दुसऱ्या दिवशी मी बसनं गावी गेले आणि सरळ वहिनीच्या दारात जाऊन बसले. भाऊला जाऊन बरीच वर्षं झाली. ती आता वाकली आहे, पण जीभ वाकलेली नाही. "आली का बाई? बस. कोरा चहा चालन ना? दूध पोरीनं नेलं." मी चहा हातात घेतला आणि म्हणाले, "वहिनी, त्या पाण्याचं तुला तेव्हाच माहीत होतं?"

"कोन्त्या पान्याचं?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "थे होय! मी का आंधळी होती? गव्हानीत जाये ना, उकिरड्यावर जाये ना, मंग जाये कुठं? आनि लाखोरीचा वास का लपते?"

"मग बोलली काऊन नाहीस?"

"कोनाले बोलू? डाक्तर म्हने, तोंडावर सांगा, मनातलं सांगा. मानूस चांगला होता बिचारा. पन बसे कुठं? तुह्या बापाच्या वसरीवर. तुह्या बापाच्या खुर्चीले खुर्ची लावून. आमी खालतं पायरीवर. थितून का मनातलं निघते?" तिनं चुलीत काडी सारली. "माह्या मानसाले मी म्हनलं, नोको पिऊ. थो म्हने, मालकिनीनं आपल्या हातानं देल्लं, टाकू कसा? पेला. तू बोलली थ्या दिवशी, तं घरी येऊन म्हने, बाईले उगाच मार पडन. म्हनून नाही म्हनला थो."

बाबा, त्यानं मला वाचवायला "नाही" म्हटलं होतं. तुमच्या भीतीनं म्हटलं असं मी इतकी वर्षं समजत होते. तुम्ही त्याला विचारत होतात तेव्हा तुमचा हात माझ्या डोक्यावर होता, आणि त्याचा अर्थ त्याला तुमच्यापेक्षा वेगळा कळला.

"वहिनी, पाटीवर बाबांचं नाव लावतात म्हणे. तुला काय वाटतं?"

"मले का वाटन? नावानं का पाय येते? पन एक कर बाई. सभा थ्या वसरीवर नोको होऊ देऊ."

म्हणून सभा तिच्या दारात, करंजीच्या झाडाखाली झाली. मी उभी राहिले आणि तुम्हाला सांगितलं तेवढं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. मदरनी शिकवलेल्या स्पष्ट उच्चारांत बोलले, म्हणजे मागच्या माणसालाही बैल हा शब्द ऐकू जावा. सरपंच अस्वस्थ झाले. "ताई, मेलेल्या मानसाची बदनामी कायले? आपलाच बाप ना थो." मी म्हणाले, माझा आहे म्हणूनच मला हक्क आहे, दुसऱ्या कोणाला मी करू दिली नसती. जागा देते, माझी अट एवढीच: ओसरी पाडायची, काम गोठ्यात करायचं, आणि पाटीवर कोणाचंही नाव घालायचं नाही. एका बाईनं टोमणा मारला, "मंग डाक्तरीनबाई का गव्हानीजवळ बसन?" ती तरुण मुलगी हसली आणि आपल्याच बोलीत म्हणाली, "बसन ना. काऊन नाही बसन?" त्यावर हशा झाला, आणि मग एक गरोदर पोर पदरात तोंड लपवून बोलली की मागच्या वेळी दिलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या ती खातच नाही, कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरते, कारण सासू म्हणते पोर काळं होईल. सासू तिथंच बसली होती. ती म्हणाली, "मले का मालूम होतं? सांगाचं ना कोनी!" मग सगळ्याच बोलायला लागल्या. तुमच्या ओसरीवर यातला एक शब्दही निघाला नसता.

आता पाटी आहे, तिच्यावर फक्त "आरोग्यघर" लिहिलेलं आहे. बाहेरगावचा माणूस विचारेल की इतकी मोठी जागा कोणी दिली, नाव का नाही. वहिनीचं घर समोरच आहे. ती दारात बसलेली असते आणि तिला बोलायला आवडतं. तुमची अब्रू गावाबाहेरच्या कोणाकडून गेली नाही, बाबा, ज्या पोरीला तुम्ही धानाचा भाव ठरवायला शिकवलंत तिनं ती घालवली, आणि तिला त्या रात्री झोप चांगली लागली.

हे पत्र गव्हाणीत ठेवावं असं मनात होतं, पण तिथं आता औषधाची खोकी रचली आहेत, आणि डॉक्टरीणबाईंना उगाच कागदाची अडचण नको. कपाटातच राहील. लग्न झाल्यापासून माझ्या घरात लाखोरीचा दाणा शिरला नव्हता, हे मी सगळ्यांना अभिमानानं सांगत आले. परवा निघताना वहिनीनं माझ्या पिशवीत कोवळे शेंडे कोंबले, "धुऱ्याकडचे हायेत, घेऊन जाय," म्हणाली, आणि मला नको म्हणता आलं नाही. काल ती भाजी केली. लसूण जास्त घातला. ताट वाढून घेतलं आणि पहिला घास बाजूला काढून ठेवला. तो भाऊसाठी आहे असं मी मनाशी म्हटलं. तो भाऊसाठी नव्हता.